बारा पॉइंट सहा

इंदूरला मी घर शोधत होते तेव्हा पाच घरमालक भेटले. चौघांनी आधी आडनाव विचारलं, मग मांस-मच्छी खाता का, मग लग्न कधी करणार. पाचव्यानं विचारलं, "गाडी आहे?"

"आहे," मी म्हटलं. "पण जुनी आहे."

"जुनी की नवी, ते नाही विचारून राहिलो मॅडमजी. बोनेट उघडा."

लालबागच्या मागच्या एका गल्लीत, सकाळी अकराच्या उन्हात, घर दाखवण्याआधी त्या गृहस्थांनी माझ्या गाडीच्या बॅटरीला मीटरच्या दोन सुया टेकवल्या. वय पासष्टीच्या पुढे, अंगानं काटक, अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट आणि त्याच्या खिशात पिवळा मल्टिमीटर. आकडा त्यांनी दोनदा वाचला.

"बारा पॉइंट तीन," मग म्हणाले. "इतकी चालवून आणली तरी बारा पॉइंट तीन. चांगली बॅटरी उभ्या गाडीत बारा पॉइंट सहा दाखवते. तुमच्या गाडीत कुणीतरी गुपचूप वीज खाऊन राहिलं आहे. वरचा मजला खाली आहे, रिकामा. नळ सहाला येतात. कधी येता?"

मी म्हटलं, "माझं नाव तरी विचारा."

"नाव अ‍ॅग्रीमेंटवर येईलच ना."

मी त्या वरच्या मजल्यावर चार वर्षं राहिले. नोकरी सिमरोलला, तिथल्या मोठ्या इंजिनियरिंग संस्थेच्या ग्रंथालयात. रोज खंडवा रोडनं जायचं आणि यायचं. मी मूळची सोलापूरची, त्यामुळे त्यांचं मराठी सुरुवातीला मला हिंदीच वाटायचं, आणि माझं मराठी त्यांना पुस्तकातलं. मी त्यांना काका म्हणू लागले. गल्लीत मात्र लहानथोर सगळे त्यांना 'मीटरवाले दादा' म्हणत.

काकांचे वडील फौजेत होते, महूला. काका स्वतः महूच्या फौजी वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं गाड्यांचे इलेक्ट्रिशियन होते, वर्दीतले नव्हे, सिव्हिलियन. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्या बाजूला वडिलांचा गणवेशातला फोटो, आणि खाली फळीवर उघडून ठेवलेले दोन-तीन अल्टरनेटर, म्हणजे चालत्या गाडीत वीज तयार करून बॅटरी भरणारी यंत्रं. मूर्ती काकू पुसत, फोटो काका पुसत, अल्टरनेटरला कुणी हात लावायचा नाही असा नियम होता.

रविवारी सकाळी गल्लीत गाड्या लागत. रिक्षा, व्हॅन, कुणाची नवी कोरी गाडी, दूधवाल्याचा टेम्पो. काका दुरुस्ती करत नसत. ते फक्त काय झालंय ते शोधून काढत आणि मिस्त्रीकडे पाठवत. शोधायची त्यांची एकच रीत होती. बॅटरी तीनदा मोजायची: एकदा गाडी झोपलेली असताना, एकदा उठताना, एकदा चालताना. झोपलेली असताना बारा पॉइंट सहा. सेल्फ मारताना दहाच्या खाली जायला नको. इंजिन चालू झालं की चौदाच्या आसपास.

"चालू गाडीत चौदा नाही आलं," ते सांगत, "तर बॅटरीला शिव्या नका देऊ. तिला कुणी खायलाच नाही देऊन राहिलं. अल्टरनेटर बघा, त्याचा पट्टा बघा, वायर बघा. आणि पंधराच्या वर गेलं तर जास्त खाऊ घालून मारून राहिले."

त्यांच्यासमोर एक शब्द उच्चारायची सोय नव्हती, तो म्हणजे 'खराब'. कुणी म्हणालं, दादा, बॅटरी खराब झाली, की ते मीटर परत खिशात ठेवत.

"खराब म्हणजे किती?"

"म्हणजे... खराबच."

"मालूम आहे तर इथे कशाला आले? जा, नवी घ्या."

माणूस चुळबुळत उभा राही. मग त्याला हळूहळू कळे की आपण फक्त 'गाडी चालू होत नाही' एवढंच म्हणायला हवं होतं. तसं म्हटलं की मीटर बाहेर येई.

काकूंनी हा नियम त्यांच्यावरच उलटवलेला मी पाहिला आहे. एकदा मी जेवायला खाली होते. काका म्हणाले, आज दाल खराब झाली. काकूंनी वाढता वाढता विचारलं, "खराब म्हणजे किती?" काका ताटात बघून जेवू लागले. मग काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझ्या लग्नात यांनी मला बघितलं नाही गं. मोजलं." त्या हे हसत म्हणाल्या की तक्रारीनं, ते मला चार वर्षांत ठरवता आलं नाही.

सगळ्या गाड्यांचे आकडे ते कंपाउंडच्या भिंतीवर आतल्या बाजूनं खडूनं लिहीत. गाडीचा नंबर, तारीख, तीन आकडे. दिवाळीला काकू भिंत रंगवून घेत. काका आदल्या दिवशी सगळं वहीत उतरवून ठेवत आणि रंग वाळला की पुन्हा भिंतीवर लिहीत.

त्यांना चिडलेलं मी फारसं पाहिलं नाही. एकदा पाहिलं. समोरच्या गाडीत एका मिस्त्रीनं इंजिन चालू ठेवून बॅटरीची एक वायर काढली. अल्टरनेटर चांगला असेल तर गाडी बॅटरीशिवाय चालत राहते, अशी ती जुनी परीक्षा. काका ओट्यावर दाढी करत होते. तोंडाला साबण तसाच ठेवून ते गल्ली ओलांडून गेले आणि त्यांनी त्या मिस्त्रीचा हात धरला.

"आजकालच्या गाडीत कॉम्प्युटर असतो. वायर काढली की व्होल्टेज उसळतं. एका सेकंदात सगळं जळेल. काय बघून राहिला होता तू?"

"दादा, सब ऐसेच करते हैं."

"सब करतात म्हणून मी मीटर घेऊन फिरतो," काका म्हणाले, आणि उरलेली दाढी करायला परत आले.

माझ्या गाडीतला चोर त्यांनी मी राहायला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात पकडला. त्याआधी माझ्या दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. दुकानदारानं दोन्ही वेळा सांगितलं होतं की बॅटरी गेली. काकांनी मला एकच प्रश्न विचारला, जो कुणी विचारला नव्हता.

"कोणत्या दिवशी बंद पडते?"

मी आठवून पाहिलं. "सोमवारी. बहुतेक वेळा सोमवारीच."

"शनिवार-रविवार उभी असते?"

"हो."

"मग बॅटरीनं काय गुन्हा केला?"

त्यांनी गाडी बंद करून बॅटरीच्या वायरीत मीटर जोडला. सगळं बंद असूनही गाडी वीज ओढत होती. मग एकेक फ्यूज काढून बघितला. आतल्या दिव्यांचा फ्यूज काढला तेव्हा आकडा खाली आला. त्या फ्यूजवर दोनच दिवे होते: एक छतावरचा, तो विझलेला दिसत होता, आणि एक डिकीतला.

"डिकी बंद केल्यावर आतला दिवा विझतो का?" त्यांनी विचारलं.

"विझत असेल."

"असेल?"

माझी गाडी मागं वेगळी डिकी असलेली, आतून वाकून बघायची सोय नाही. काकांनी डिकीतलं सामान बाहेर काढलं, चपला काढल्या, आणि आत जाऊन कुशीवर पडले. "बंद करा," ते म्हणाले. "मी तीनदा ठोकलं की उघडा."

मी बंद केली. वाट पाहिली. समोरच्या बाई बाल्कनीतून बघत होत्या. दूधवाला थांबला. मी त्या गल्लीत नवीन होते आणि माझ्या गाडीच्या डिकीत गल्लीतले सर्वांत मानाचे गृहस्थ होते. शेवटी तीनदा ठोकल्याचा आवाज आला. उघडलं तर घामेजलेले, पण फार समाधानी दिसत होते.

"लख्ख उजेड आहे आत. पुस्तक वाचता येईल."

झाकणाखालचं बटण अडकलं होतं. त्यांनी बोटानं ते दोन-चारदा दाबून मोकळं केलं. त्यानंतर माझी गाडी सोमवारी कधी अडली नाही. पुढे मी त्यांना म्हटलं, आत मोबाइलचा कॅमेरा चालू करून ठेवला असता तरी कळलं असतं. ते म्हणाले, "मोबाइलला कळलं असतं. मला कुठे कळलं असतं?"

दरवर्षी एप्रिलात जयंतीला ते दोन दिवस महूला जात. त्या दिवसांत महाराष्ट्रातून गाड्यांवर गाड्या येतात, विदर्भातून, मराठवाड्यातून. माणसं मैदानात गाड्या लावतात, टेपवर गाणी चालू ठेवतात, दिवे चालू ठेवतात, आणि दर्शन करून परत येतात तेव्हा गाडी उठत नाही. काका खांद्यावर जाड जम्पर केबल टाकून त्या मैदानात उभे राहत. एका गाडीच्या बॅटरीवरून दुसरी चालू करून द्यायची. हे काम ते नोकरीत असल्यापासून करत होते. लोक भाषणं ऐकायला जात, जेवणाच्या रांगेत उभे राहत, आणि काका ऊन डोक्यावर घेऊन बोनेटं उघडत फिरत. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. परभणीहून आलेल्या एका म्हातारीनं गाडी चालू झाल्यावर त्यांच्या हाताला हात लावून कपाळाला लावला. काका म्हणाले, "आजी, ड्रायव्हरला सांगा, टेप बंद ठेव."

आता जे सांगायचं ते अशाच एका जयंतीनंतरचं आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला दिलीपभिया राहत. त्यांची स्वतःची व्हॅन होती, सिमरोलच्या संस्थेत काम करणाऱ्यांची ने-आण करायचे. घराणं मराठी. पणजोबा दरबारच्या घोडदळात होते, हे ते नव्या माणसाला दहा मिनिटांच्या आत सांगत. बायको वारलेली, घरात दोन लहान मुलं आणि थोरली पूनम. पूनमला नर्स व्हायचं होतं. प्रवेश परीक्षेसाठी दिलीपभियांनी तिला एक वर्ष दिलं होतं. यंदा झालं तर झालं, नाहीतर सियागंजमध्ये ओळखीच्या दुकानात बिलिंगला लागायचं, असं ठरलं होतं. ती मुलगी सकाळी भावंडांचे डबे करून मग अभ्यासाला बसायची. तिच्या बोलण्यात लाडीगोडी नव्हती.

परीक्षेचं केंद्र खंडव्याला आलं.

आदल्या संध्याकाळी काका महूहून परतले. दोन दिवस उन्हात उभे होते, चेहरा काळवंडला होता. मी फाटकापाशी त्यांच्या पिशव्या उतरवून घेत होते. तेवढ्यात दिलीपभिया आले.

"दादा, गाडी सेल्फला जड येऊन राहिली. आणि तो लाल दिवा, बॅटरीचा, कधी लागतो, कधी विझतो. उद्या पोरीला खंडव्याला न्यायचंय."

"तुझी बॅटरी चार साल पुरानी आहे," काका म्हणाले. "मागच्या हिवाळ्यात मीच मोजली होती. बदलून टाक."

"बस? बदलून टाकू?"

"हो रे. टाक बदलून."

आणि ते आत गेले. मीटर त्यांच्या खिशात होता. त्यांनी तो काढला नाही हे माझ्या लक्षात आलं. मी काही म्हणाले नाही. थकलेत, मला वाटलं, आणि त्यांचं काही चुकत नाही, असंही वाटलं. दिलीपभियांनी त्याच संध्याकाळी नवी बॅटरी घातली.

दुसरा दिवस शनिवार, एरवी सुट्टीचा, पण त्या शनिवारी ग्रंथालय अर्धा दिवस उघडं होतं आणि मी तिथे होते. दहाच्या सुमारास मला दिलीपभियांचा फोन आला. व्हॅन सिमरोलच्या पुढे घाटात बंद पडली होती. धक्का मारून झाला, बसला हात दाखवून झाला, भरलेल्या बस थांबत नव्हत्या. साडेबाराला केंद्राचं गेट बंद होणार होतं.

मी गाडी काढली. वीस मिनिटांत घाटात पोचले. व्हॅन एका चहाच्या टपरीला टेकून उभी होती. पूनम बाहेर दगडावर बसली होती, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत प्रवेशपत्र. मला पाहून ती उठली आणि मागं बसली. दिलीपभिया पुढे बसले.

"दिवा लागलेला दिसला मला," ते थोड्या वेळानं म्हणाले. "निघाल्यापासून लागलेला होता. पण नवी बॅटरी आहे, आणि दादांनीच सांगितलं होतं. मी म्हटलं, लागू दे."

रस्त्याचं काम चालू होतं. एक बाजू बंद, ट्रकची रांग. मी जमेल तेवढी घाई केली. दिलीपभिया दर पाच मिनिटांनी मोबाइलमध्ये वेळ बघत होते. शेवटी पूनम म्हणाली, "पापा, ते बंद करा." त्यानंतर त्यांनी पाहिलं नाही.

आम्ही खंडव्याच्या त्या शाळेसमोर पोचलो तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती. गेटला आतून कुलूप होतं. चौकीदार भला माणूस होता, त्याचा आवाजही चढलेला नव्हता.

"बेटा, ऊपर से ऑर्डर है. मेरे हाथ में नहीं है."

दिलीपभियांनी गजांतून हात घालून त्याचे हात धरले. पूनमनं वडिलांचा दंड धरून त्यांना मागं ओढलं. "चला," ती म्हणाली. "उशीर आपल्याला झालाय, त्यांना नाही."

परतीच्या वाटेवर ती एकदाच बोलली. "मॅडम, एसी थोडा कमी करा ना. थंडी वाजून राहिली."

काकांना मी सांगितलं. ते ओट्यावर उभे राहून ऐकत होते. गाडी बंद पडली हे सांगितलं, लाल दिव्याचं सांगितलं, गेटचं सांगितलं. काकूंनी जेवायला हाक मारली ती त्यांना ऐकू आली नाही, किंवा आली असेल.

रविवारी सकाळी फाटकापाशी पाच गाड्या उभ्या होत्या. काका त्यांच्यामधून चालत येऊन माझ्या गाडीत बसले. दिलीपभिया मागं. घाटात पोचल्यावर काकांनी व्हॅनचं बोनेट उघडलं आणि तीनदा मोजलं. झोपलेली: दहाच्याही खाली. माझ्या गाडीवरून केबल लावून ती चालू केली, केबल काढली, आणि इंजिन चालू असताना मोजलं. आकडा चौदाच्या जवळपासही नव्हता, अकराच्या आत होता आणि बघता बघता उतरत होता. अल्टरनेटर काहीच देत नव्हता. नवी बॅटरी भरलेली होती, तेवढ्यावर व्हॅन घाटापर्यंत आली होती. जुनी बॅटरी असती तर गल्लीतच बंद पडली असती, आणि मग त्यांना दुसरी गाडी करता आली असती. हे काकांनी स्वतःच सांगितलं, एखाद्या अनोळखी गाडीबद्दल सांगावं तसं.

"अल्टरनेटरच्या आतले कार्बन-ब्रश घासून संपले असतील," ते म्हणाले. "दिलीप, तू दिव्याचं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"जाऊ द्या दादा. नसीब."

"नसीब नाही. दोन मिनिटांचं काम होतं."

तिथून ते घरी आले नाहीत. दिलीपभियांच्या दारात उतरले. मीही गेले, कारण त्यांनी मला या म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. पूनम कणीक मळत होती. काका तिच्यासमोर उभे राहिले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "गाडीची नाही, तुझ्या वडिलांची नाही. मी न मोजता बोललो."

पूनमनं वर पाहिलं. हात कणकेतच होते.

"दादा, सॉरीनं परीक्षा होते का?"

"पूनम!" दिलीपभिया म्हणाले.

"बरोबर विचारून राहिली ती," काका म्हणाले. "नाही होत."

मग ते खाली जमिनीवरच बसले. गुडघा दुखायचा त्यांचा, बसताना भिंतीला हात लावावा लागला. "मग कशानं होईल ते सांग."

ती जरा वेळ मळत राहिली. "पापांकडे आणखी एक वर्ष मागा," ती म्हणाली.

दिलीपभियांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दुकानात जागा धरून ठेवली होती. घरात दोन मुलांचा गोंधळ, हिचा अभ्यास कुठे होणार, आणि आणखी एक वर्ष गेलं आणि तरी नाही झालं तर? काकांनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, "माझी पुढची खोली उद्यापासून तिची. दहा ते पाच. मुलं शाळेतून माझ्याकडे येतील, घरवाली बघेल." काकूंना हे अजून माहीत नव्हतं.

"आणि तरी नाही झालं तर?" दिलीपभियांनी पुन्हा विचारलं.

"ते मला नाही माहीत," काका म्हणाले. "आज मी कुणाला काहीच सांगणार नाही."

हे ते त्या दिवसापुरतं बोलले असं मला वाटलं होतं. ते वर्षभर चाललं.

सोमवारी फळीवरचे अल्टरनेटर खाटेखाली गेले आणि पुढच्या खोलीत टेबल आलं. पूनम बुद्धमूर्तीकडे पाठ करून बसायची, कारण उजेड त्या बाजूनं येत होता. काका ओट्यावर बसत आणि गल्लीत हॉर्न वाजवणाऱ्याकडे नुसतं बघत. रविवारी गाड्या येतच राहिल्या, पण आता काका सांगत नसत. मीटर समोरच्याच्या हातात देत.

"तुम्हीच लावा. लाल सुई इकडे, काळी तिकडे. काय आलं?"

"बारा पॉइंट एक, दादा. मतलब?"

"भिंतीवर लिहा. आता सेल्फ मारा. परत वाचा."

"दादा, तुम्ही सांगा ना काय झालं ते."

"तीन आकडे आहेत तुमच्याकडे. मी काय वेगळं सांगणार?"

पुष्कळ लोक वैतागले. काही यायचे बंद झाले. सियागंजचा एक व्यापारी तर म्हणाला, म्हातारा सटकला. पण दूधवाला शिकला. समोरच्या बाई शिकल्या. दिवाळीच्या सुमारास मी दूधवाल्याला एका रिक्षावाल्याला सांगताना ऐकलं, "अरे भिया, बॅटरी नहीं, पट्टा ढीला है तेरा, चालू में साढ़े बारा दिखा रहा है." काका बाजूलाच बसून पेपर वाचत होते. पान उलटायचं राहून गेलं होतं.

काकूंनी मुलांना सांभाळलं, पण नवऱ्याला सोडलं नाही. "वर्षभर मौन कशाला?" त्या मला म्हणाल्या. "चुकलं, माफी मागितली, संपलं. पण यांना शिक्षा पण पुरी मोजून पाहिजे."

वर्षानं पूनमला केंद्र आलं ते इंदुरातच, घरापासून दोन किलोमीटरवर. प्रवेशपत्र पाहून ती पहिल्यांदा मोकळेपणानं हसली. "पायी जाईन मी," ती म्हणाली.

काकांनी ऐकलं नाही. तीन दिवस आधी व्हॅन मोजली, माझी गाडी मोजली. परीक्षेच्या दिवशी गेट उघडायच्याही तीन तास आधी आमची वरात निघाली. पुढे दिलीपभियांची व्हॅन, त्यात पूनम. मागं माझी गाडी, त्यात काका आणि केबल, आणि त्यामागं, समजा दोन्ही गाड्या बंद पडल्या तर म्हणून, दूधवाला त्याचा टेम्पो घेऊन. दोन किलोमीटरला सात मिनिटं लागली. मग आम्ही सगळ्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून पोहे खाल्ले. पूनमनं खाल्ले नाहीत, ती झाडाखाली उभी राहून डोळे मिटून काहीतरी आठवत होती. गेट उघडताच ती आत गेली. मागं वळून पाहिलं नाही.

ती पास झाली. आता रतलामला हॉस्टेलवर असते, शेवटच्या वर्षाला आहे. मी नंतर बदली घेऊन सोलापूरला परत आले. कधीमधी तिचा मेसेज येतो. काका तिला फोनवर अभ्यासाचं विचारत नाहीत म्हणे, जेवण किती वाजता मिळतं तेवढं विचारतात.

पण मला त्यांच्याबद्दल जे आठवतं ते त्याच सकाळचं आहे, पूनम आत गेल्यानंतरचं.

काम झालं होतं. दूधवाला निघून गेला. दिलीपभिया म्हणाले, चला दादा, दुपारी घ्यायला येऊ. काका म्हणाले, तुम्ही बसा गाडीत, मी येतो. आणि ते जाऊन गेटपाशी, माझ्या गाडीपासून दहा पावलांवर, उभे राहिले. मुलं येत होती, आत जात होती. काका कडेला हात मागं बांधून उभे. गेट बंद व्हायची वेळ झाली तशी गर्दी ओसरली. चौकीदारानं एक दार लावलं आणि दुसरं ओढायला घेतलं.

तेव्हा रस्त्याच्या पलीकडे एक मुलगी बसमधून उतरली. तिनं गेटकडे पाहिलं आणि चपला हातात घेऊन पळत सुटली. मधे दुभाजक, दोन्ही बाजूंनी गाड्या.

काका पुढे झाले आणि दाराच्या फटीत उभे राहिले.

"बाबूजी, हटो. टाइम हो गया."

"कितना हुआ?" काकांनी विचारलं.

"हो गया ना. मोबाइल का टाइम है."

"मोबाइल दिखाओ." चौकीदारानं दाखवला. काकांनी चष्मा वर केला, स्वतःचं मनगटावरचं घड्याळ त्याच्या मोबाइलशेजारी धरलं आणि दोन्हीकडे सावकाश बघितलं. "ये मेरे से दो मिनट आगे चल रहा है भिया. मेरे में अभी दो मिनट बाकी हैं. अब सही किसका है? तीसरी घड़ी लाओ."

"अरे बाबूजी, कौन सी तीसरी घड़ी..."

"अंदर दफ्तर में होगी ना दीवार पे? पूछ लो. बिना देखे कैसे बंद करोगे?"

चौकीदारानं मान वळवून आत बघितलं. तेवढ्यात ती मुलगी दुभाजकावरून उडी मारून आली आणि काकांच्या हाताखालून वाकून आत शिरली. प्रवेशपत्र तिच्या दातांत होतं. ती थांबली नाही. थेट पायऱ्या चढून आत गेली.

काका बाजूला झाले. "सही है आपका," ते चौकीदाराला म्हणाले. "मेरी ही पीछे होगी. माफ करना."

गेट बंद झालं. ते येऊन माझ्या शेजारी बसले आणि दार लावून घेतलं. मी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं, मग गाडीतल्या घड्याळाकडे, मग माझ्या मोबाइलकडे. तिन्हींत एकच वेळ होती.

माझं बघणं त्यांच्या लक्षात आलं.

"समोर बघून चालवा मॅडमजी," ते म्हणाले.